कान मोकळे, तरी दिशा हरवते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोन कंडक्शन हेडफोन (हाडातून कंपाने आवाज पोहोचवणारे) कान झाकत नाहीत, तेव्हा दृष्टिहीनांनी रस्त्यावर ते निर्धास्त वापरावेत, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे.

डावीकडच्या रिक्षाचा आवाज उजव्या कानाला फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मध्ये डोके आल्याने त्यातले वरच्या पट्टीचे स्वर तिकडे दबतात. एवढ्याशा फरकावरून मेंदू बाजू ओळखतो. रिक्षा पुढे की मागे, हे बाह्यकर्णाच्या घड्यांमुळे कळते. हेडफोनचा कंप मात्र थेट कवटीत शिरतो आणि डाव्या गालावरून निघालेला कंप उजव्या अंतर्कर्णापर्यंतही जातो. दोन्हीकडच्या जोरात अनेकदा १० डेसिबलचाही फरक उरत नाही. (हाडावरून एका कानाचे श्रवण तपासताना दुसऱ्याने ऐकू नये म्हणून त्यात खरखर सोडतात, ती यासाठीच.) त्यामुळे रस्ता सांगणाऱ्या ॲपची डावीकडची बीप डावीकडे झुकलेली वाटते, पण वळण तिरपे की काटकोनात, हे तिच्यावरून नीट उमगत नाही. एका कानाने अजिबात ऐकू येत नसेल तर दोन्ही बाजूंच्या बीप एकाच अंतर्कर्णात जातात. अशांनी फोनमध्ये मोनो ऑडिओ (दोन्ही बाजूंना एकच आवाज) चालू करून ‘डावीकडे वळा’ अशा शब्दांतल्या सूचनाच घ्याव्यात. इतरांनी मोनो बंद आहे ना, हे आधी पाहावे.

हेडफोनची कंप देणारी गादी कानाच्या भोकापुढच्या उंचवट्याला लागून, गालाच्या हाडावर बसवावी. चष्म्याची काडी, माकडटोपी किंवा घट्ट बांधलेला स्कार्फ एका बाजूची गादी उचलतो आणि सगळा आवाज दुसऱ्या बाजूला सरकतो. बसवून झाल्यावर डाव्या-उजव्या मिळून २० बीप कुणाला तरी उलटसुलट क्रमाने वाजवायला सांगा. १७-१८ ओळखता आल्या तर ठीक. १०च्या आसपास आल्या तर तो निव्वळ अंदाज. गादी पुन्हा बसवा.

गोंगाटात आवाज स्पष्ट यावा म्हणून काहीजण कानात बोळे घालतात. त्याने हाडातून येणारे १००० हर्ट्झखालचे, म्हणजे खालच्या पट्टीचे स्वर फुगतात (कानात बोट घालून गुणगुणून पाहा) आणि रस्ताच ऐकू येईनासा होतो. आवाज वाढवणे हाही उपाय नव्हे. हाडातून आलेला नि हवेतून आलेला आवाज शेवटी एकाच अंतर्कर्णात एकत्र होतो, म्हणून मोठ्याने चाललेली सूचना इलेक्ट्रिक स्कूटरची चाहूल बुजवून टाकते. कानाचा पडदा टळतो, म्हणून ऐकण्याला धोका नाही, हा समजही चुकीचा आहे. झिजतात त्या अंतर्कर्णातल्या पेशी. फूटपाथवर सोबत्यासह उभे राहून, सूचना चालू असताना पांढऱ्या काठीच्या टोकाचा आवाज स्पष्ट ऐकू येईल इतकाच आवाज ठेवावा. रस्ता ओलांडताना सूचना पूर्ण थांबवावी.

ज्या संस्था दृष्टिहीनांना हे हेडफोन वाटतात, त्यांना आमची कळकळीची विनंती आहे: खोके हातात देण्याआधी प्रत्येकाला अर्धा तास द्या. गादी बसवून २० बीपची चाचणी घ्या आणि आवाजाची पातळी रस्त्यावर, वाहनांच्या आवाजात ठरवा. शांत खोलीत ठरवलेली पातळी चौकात उपयोगी पडत नाही.

– श्रवणतज्ज्ञ व पांढऱ्या काठीचे प्रशिक्षक, पुणे