पाऊस पडेपर्यंत थांबा म्हणावं

प्रिय सुमे,

मागच्या उतारावर कारवी फुलली गं! अख्खा डोंगर जांभळा झालाय, आग्या माश्या दिवसभर घुमताहेत. फोनवर सांगितलं असतं तर "माझी सदाफुली रोज फुलते" म्हणून बोळवण केली असतीस. तब्येत ठीक, गुडघा तेवढा कुरकुरतो.

पण जिवाला घोर लागलाय. तो उतार मुंबईच्या एका पार्टीने घेतलाय, दिवाळीनंतर जेसीबी लावून 'सफाई' करणार. मी जाऊन भेटले. म्हणाले, "फुलं संपली की वाळूनच जाणार ना ती?" वाळणारच. सात-आठ वर्षं नुसती पानं आणि काठी, मग एकदाच फुलायचं आणि मरायचं. आठवतं, 2016 ला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात? तिथली त्याआधी 2008 ला फुललेली. पण बी त्या मेलेल्या झुडपावरच असतं, सुमे! बोंडं उन्हाळाभर मिटलेली राहतात आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसात भिजली की तडतड फुटतात. त्याआधी उतार साफ झाला, नाहीतर शिमग्याच्या सुमाराला वणवा लागला, तर मागे उगवायला काही उरत नाही.

तुझी सदाफुली छाटली तर काय बिघडतं? पुन्हा कळ्या येतात. मादागास्करहून आलेली ती, भिंतीच्या फटीतही रुजते, बारा महिने फूल नि बी. कॉलेजात कारवीला तू माजोरडी म्हणालीस आणि मी अबोला धरला होता. अजून राग आहे! बाळूला कर्करोगावरचं विनक्रिस्टिन सुरू झालं तेव्हा म्हणालीस, "हे सदाफुलीतून निघतं. तुझ्या कारवीने काय दिलं?" सदाफुलीचं ते ऋण मी जन्मभर मानेन. पण आजीच्या घराचा कुड कारवीच्या काठ्यांचाच होता ना? त्यावर शेणमाती लिंपायला तूच पुढे असायचीस, नाकाला लावून घेऊन.

तुझ्या भावाची त्या लोकांत ऊठबस आहे. त्याला एवढंच बोलायला सांग, पाऊस पडेपर्यंत थांबा. वणवा अडवायला जाळरेषा मी गावातल्या पोरांकडून काढून घेते, खर्चही माझा.

चिन्मयीला नोकरी लागली, फार बरं झालं. जागेचं काय झालं? आणि काकूंना साखरेसाठी सदाफुलीची पानं चावू देऊ नकोस, कच्चं पान विषारी असतं. औषध त्यातून वेगळं काढावं लागतं.

भावाशी आजच बोल, दिवाळी जवळ आलीय.

तुझी,
मालू