लोकलमधून माझं चॉकलेट सावरणाऱ्या दादांना

दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या गल्लीत केकच्या सामानाचं जे दुकान आहे, तिथे तुम्ही काउंटरला असता, एवढंच ठाऊक. बिलावर एक मोबाइल नंबर छापलेला होता आणि त्या रात्री तो तुम्ही उचललात. नुसतं फोनवर 'थँक्यू' म्हणून हे फिटणार नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

ऑक्टोबरमध्ये भर दुपारी एक बाई आली आणि साठ ट्रफल्स करायचे आहेत, बाहेरचं चांगलं चॉकलेट दाखवा म्हणाली, ती मी. ट्रफल म्हणजे एरवी मऊ चॉकलेटचा गोळा. जमिनीखाली सापडणाऱ्या अळंबीसारखा ओबडधोबड दिसतो म्हणून त्याला ते नाव पडलं. मला मात्र आत बिस्किटाचं सारण हवं होतं आणि वरून चॉकलेटचं पातळ कवच. तुम्ही विचारलंत, "कोणतं बिस्कीट?" मी म्हटलं, "पार्ले-जी." तुम्ही हसला नाहीत. "चांगलं होतं त्याचं," म्हणालात.

तेच बिस्कीट का, हे तेव्हा सांगायला वेळ नव्हता, आता सांगते. माझ्या बाबांनी ३१ वर्षं विलेपार्ल्याच्या पार्ले कारखान्यात काढली. तो कारखाना १९२९ साली सुरू झाला तो गोळ्या-चॉकलेटांसाठी. बिस्किटं आली त्यानंतर दहाएक वर्षांनी. बाबा आजही पार्ले-जी म्हणत नाहीत, 'ग्लुको'च म्हणतात. त्यांच्या डोक्यात पाकिटावरचं जुनं नावच पक्कं बसलंय. पार्ल्याच्या फलाटावर उतरलं की भाजत्या बिस्किटांचा वास यायचा, आणि लहानपणी मला वाटायचं की तो वास बाबांचाच आहे, कारण संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या शर्टाला तो असायचा. २०१६ साली कारखाना बंद झाला. बाबा निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी ते एक दिवस उठून पार्ल्याला गेले, फलाटावर उभे राहिले आणि परत आले. "वास नाही येत," एवढंच आईला म्हणाले.

त्यांना ७५ पूर्ण झाली. अमृतमहोत्सवाला केक नको, असा त्यांचा हट्ट. कवळीमुळे कडक काही चालत नाही आणि आमच्या घरी ओव्हन नाही. म्हणून भट्टी न लावता होणारं, बिस्किटाचं, मऊ असं काहीतरी मी शोधत होते.

तर दुकानात. मी बोट दाखवलेलं चॉकलेट महाग होतं. मी ते घ्यायला तयार होते आणि तुम्हाला फक्त बिल करायचं होतं. त्याऐवजी तुम्ही विचारलंत, "राहता कुठे? स्वयंपाकघरात एसी आहे का?" मी डोंबिवली म्हटल्यावर तुम्ही ती लादी परत फडताळात ठेवलीत. खऱ्या चॉकलेटात कोको बटर असतं. ते वितळवून, ठरावीक तापमानाला गार करून, पुन्हा जरा तापवून घ्यावं लागतं, तरच ते चकाकतं आणि कट्‌कन तुटतं. डार्क चॉकलेट असेल तर ४५ ते ५० अंशांपर्यंत न्यायचं, २७-२८ वर आणायचं आणि मग ३१-३२ वर धरून ठेवायचं. ऑक्टोबरच्या उकाड्यात डोंबिवलीच्या स्वयंपाकघराचा पाराच ३३ असतो, तिथे हे कसं जमणार! म्हणून तुम्ही सुचवलंत ते कंपाउंड चॉकलेट. त्यात कोको बटरच्या जागी घट्ट केलेलं वनस्पती तेल असतं. ते नुसतं वितळवायचं, बुडवायचं, की पंख्याखालीसुद्धा धरतं. "चवीला खऱ्याची सर नाही, पण फसणार नाही," असं सरळ सांगून तुम्ही अर्धा किलोच्या दोन लाद्या काढल्यात, एक डार्क आणि एक पांढरी. बुडवायचा खास काटा मागितला तर म्हणालात, घरातल्या जुन्या काट्याचे मधले दोन दाते वाकवून टाका, तेच काम होतं. महाग माल विकायचा सोडून गिऱ्हाइकाचे पैसे वाचवणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी सुरुवात केली. सगळी बिस्किटं मिक्सरमधून रव्याइतकी बारीक काढली, त्यातल्या अर्धा किलो चुऱ्यात पाव किलो कंडेन्स्ड मिल्क आणि ५० ग्रॅम लोणी घालून मळलं. बेसनाच्या लाडवासारखंच आहे हे, तळहाताच्या उबेने लोणी सुटतं आणि लाडू वळला जातो. २० ग्रॅमचा एक, असे वजन करून चाळीस झाले. ते फ्रिजमध्ये ठेवले आणि चॉकलेटकडे वळले.

तिथे घात झाला. पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, वर स्टीलचं भांडं, त्यात २०० ग्रॅम चॉकलेट, आणि लवकर व्हावं म्हणून झाकण. झाकण उचललं तेव्हा वाफेचं पाणी आत ठिबकलं. चार-पाच थेंब असतील. क्षणापूर्वी तारेसारखं ओघळणारं चॉकलेट बघता बघता रखरखीत झालं, चमच्याला गोळा होऊन चिकटलं, आणि त्याची चकाकी पुसल्यासारखी गेली. मी घाबरून त्यात दोन चमचे दूध ओतलं. गोळा आणखी घट्ट झाला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. सकाळी साठ माणसं यायची होती.

बिलावरचा नंबर लावला तेव्हा उचलाल असं वाटलं नव्हतं. मागे गाडीचा खडखडाट आणि 'पुढील स्टेशन, भायखळा'. दुकान बंद करून तुम्ही घरी निघाला होतात. थकलेला माणूस 'उद्या बघू' म्हणाला असता तर त्यात चूक काही नव्हतं. तुम्ही म्हणालात, "ताई, आधी सांगा, फेकलं नाही ना?"

नाही म्हटल्यावर तुमचा आवाज सैल झाला. मग भायखळ्यापासून दादरपर्यंत तुम्ही मला समजावलंत. चॉकलेटात साखरेचे कण कोरडे असतात, तेलात सुटे सुटे तरंगतात. पाण्याचा थेंब गेला की ते ओले होऊन एकमेकांना चिकटतात, म्हणून गोळा होतो. म्हणजे थोडं पाणी हेच वाईट. भरपूर घातलं तर साखर विरघळते आणि चॉकलेट पुन्हा सैल होतं, फक्त त्याचं कवच होत नाही, सारण होतं. "अर्धी वाटी दूध गरम करा, थोडं थोडं घालून घोटत राहा. मग उरलेल्या बिस्किटाच्या चुऱ्यात घाला. वीस गोळे बाकी आहेत ना? ते याचे करा." एवढ्यात दादर आलं, गर्दीच्या धक्क्यात फोन कट झाला.

मी दूध गरम करून घातलं. पहिल्या चमच्याला काही नाही, दुसऱ्याला नाही, आणि चौथ्या-पाचव्याला तो रखरखीत गोळा एकदम विरघळून रेशमासारखा झाला. दादा, ओट्यापाशी उभी राहून मी रडले. २०० ग्रॅम चुरा त्यात मिसळला आणि वीसच्या जागी पंचवीस गोळे झाले.

घाटकोपरवरून तुम्ही आपणहून फोन केलात. पैसे तुमचे, वेळ तुमची. आता कवचासाठी उरलेलं चॉकलेट कसं वितळवायचं ते सांगितलंत. लादी सुरीने बारीक तासायची. पाणी उकळलं की गॅस बंद. भांड्याचा तळ पाण्याला टेकू द्यायचा नाही, आणि झाकण नाही म्हणजे नाहीच. भांडं, चमचा, हात, सगळं कोरड्या फडक्याने पुसलेलं. आधी तीनातले दोन भाग वितळू द्यायचे, मग तिसरा त्यात टाकून नुसतं ढवळायचं. दाट वाटलं तर पाव किलोला चमचाभर बिनवासाचं तेल, पण लोणी नाही, कारण लोण्यात पाणी असतं. हे शेवटचं मला कुणीच सांगितलं नसतं आणि मी लोणीच घातलं असतं, वाटी हातात होती.

मग विचारलंत, "गोळे कुठे आहेत?" फ्रिजमध्ये म्हटलं. "दहा मिनिटं बाहेर काढून ठेवा. गारठलेला गोळा आकसलेला असतो, कवच बसल्यावर तो गरम होऊन फुगतो आणि कवच तडकतं." आणि झालेले ट्रफल्स परत फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत, बाहेर काढल्यावर त्यांना घाम येतो आणि वर पांढुरके डाग पडतात.

मी त्या वाकवलेल्या काट्यावर पहिला गोळा ठेवला, बुडवला, उचलला. काटा भांड्याच्या कडेवर चार वेळा हलकेच आपटला, तसं जास्तीचं चॉकलेट चुण्या पडत खाली उतरलं आणि गोळ्याचा सगळा उंचसखलपणा झाकला गेला. तळ कडेला पुसून बटर पेपरवर सरकवला. पंख्याखाली तीन-चार मिनिटांत वरची ओली चकाकी मंदावत मंदावत बसली. बोटाने टकटक केलं तर आत काही असल्यासारखा आवाज आला. पासष्ट व्हायला रात्रीचा एक वाजला. पांढरं चॉकलेट कागदाच्या कोनात भरून प्रत्येकावर ७५ लिहिलं, शेवटच्या दहा-बारांवर आकडा जरा वाकडा आला.

ठाण्याला तुमचा पुन्हा फोन आला होता, "झालं का?" विचारायला. आणि मग तुम्ही म्हणालात, "डोंबिवली येतेय ताई, तुमच्या घरावरून चाललोय." मी खिडकीत गेले. आमच्या खिडकीतून रूळ दिसत नाहीत, नुसता आवाज येतो. तो ऐकत उभी राहिले.

सकाळी बाबांनी ट्रफल उचलला, चष्मा वर करून आकडा वाचला आणि खायच्या आधी नाकाशी नेला. चॉकलेटचाच वास येत असणार. मग चावा घेतला, कवच तुटलं, आतलं पिवळसर सारण दिसलं, आणि त्यांनी पुन्हा वास घेतला. "ग्लुको आहे हा," म्हणाले. आईकडे वळून परत म्हणाले, "अगं, ग्लुको आहे." नंतर त्यांनी तुमच्या त्या बिघडलेल्या चॉकलेटचा एक खाल्ला आणि मग तसेच तीन. तो प्रकार त्यांना जास्त आवडला. त्यांच्या खात्यातले दोन जुने सहकारी आले होते, तिघं खिडकीशी बसून भट्टीच्या पट्ट्यावरून बिस्किटं कशी यायची ते बोलत होते. एकाने ट्रफल हातात तसाच धरून ठेवला होता, बोलता बोलता त्याचं चॉकलेट बोटांना लागलं.

त्यानंतरच्या मंगळवारी मी दुकानात आले. तुम्ही गावी गेला होतात. एका स्टीलच्या डब्यात नऊ ट्रफल्स काउंटरवर ठेवून आले आहे, सहा साधे आणि तीन बिघडलेल्या चॉकलेटचे. तुमच्याबरोबर काम करणाऱ्या मुलाने ते तुमच्यासाठी जपून ठेवतो असं कबूल केलंय. फ्रिजमध्ये ठेवू नको, हे त्याला दोनदा सांगितलं.

डबा परत करायची घाई नाही.

तुमची,
डोंबिवलीची ताई