बाबांच्या इंजेक्शनबद्दल

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, रागावू नका. तुम्हाला न विचारता मी डॉक्टरांना ‘सुरू करा’ म्हणून सांगून टाकलंय. महिन्याभराची इंजेक्शनं घेऊनही ठेवली. शनिवारी दादा थंड डब्यातून आणेल.

विचारलं असतं तर ‘दिवाळी होऊ दे, मग बघू’ म्हणाला असतात. गेल्या दिवाळीलाही तेच म्हणालात. मागच्या खेपेला अंबाबाईच्या देवळातून निघताना चपला शोधायचं निमित्त करून तुम्ही कट्ट्यावर बसलात. चपला समोरच होत्या. मी हात धरला, तर नखं कागदासारखी पांढरी. २०१९ च्या पुरात शेजारच्या आजींना पाठीवर घेऊन जिना चढलात, आणि आता हिमोग्लोबिन ८.१. मला राहवेना.

आई, तुझ्या स्वयंपाकात काही कमी नव्हतं गं, ते मनातून काढून टाक. रक्त तयार कर, हा निरोप हाडातल्या मगजाला किडनीकडून जातो. त्याला एरिथ्रोपोएटिन म्हणतात. बाबांच्या किडन्या थकल्यात, म्हणून निरोपच पुरेसा पोचत नाही. या इंजेक्शनात तोच निरोप असतो. औषध नवंकोरं नाही, अमेरिकेत १९८९ मध्येच मंजूर झालंय. मात्र खजूर आणि बीट आता बंद, किडनीच्या माणसाचं त्याने पोटॅशियम वाढतं. आणि गुळाचा खडा कोणी कितीही प्रेमाने हातावर ठेवला तरी नाही, शुगर आहे. लोह कमी आहे ते सलाईनमधून देणार आहेत. लोह नसेल तर इंजेक्शनचा उपयोग होत नाही.

रक्ताची बाटली चढवून भागलं असतं, असं काका म्हणाले. पण पुढेमागे किडनी बदलायची वेळ आली (येणार नाही, तरी) तर वारंवार रक्त चढवलेल्या माणसाला जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. ती वाट मला आत्ताच बंद करायची नव्हती.

टोचायचं इन्सुलिनसारखंच, पोटाच्या कातडीखाली, आठवड्यातून एकदा. आई, तुझा हात बसलेलाच आहे. लहानपणी दवाखान्यात मी रडून गोंधळ घातला होता, तेव्हा बाबा, ‘ती बघ खिडकीत खारूताई’ म्हणालात, आणि मी वळेपर्यंत टोचून झालंसुद्धा. खार नव्हतीच. आई, तूही तसंच कर.

आता नीट ऐका. इंजेक्शनं फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवायची, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. गोठलं तर वितळवून वापरायचं नाही, टाकून द्यायचं. बाटली हलवायची नाही. बीपी रोज सकाळी वहीत लिहायचं. डोकं फार दुखलं, पाय एकाएकी सुजून दुखला, दम लागला, तर माझ्या फोनची वाट न बघता दवाखाना गाठायचा. बाबा, ‘आणखी वाढवा, चौदा करा’ असं डॉक्टरांना म्हणू नका. साडेअकराच्या वर न्यायचं नाही असं त्यांनी ठरवलंय. जास्त वाढवलं तर रक्ताच्या गुठळ्या आणि पक्षाघाताची भीती असते.

पहिले दोन-चार आठवडे फरक जाणवणार नाही, तेवढ्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. खर्चाचं माझ्याकडे. मी मे महिन्यात येते. रंकाळ्यावर जमेल तेवढंच चालू, दमलात की बसू.

आणि बाबा, रात्री जिन्यावर थांबून दम खाता ते आईपासून लपवू नका. तिनंच मला सांगितलंय.

तुमची,
चिमी