एमजीबी गेली ती नुसत्या संपांमुळे नाही

संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवाच्या पुरवणीतला जुन्या स्पोर्ट्स कारवरचा लेख आवडला, पण एमजीबी ही एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार बंद पडली त्याचा सगळा दोष कामगारांच्या संपांवर टाकलाय ते पटलं नाही. गाडी १९६२ ची, १.८ लिटर इंजिन, ९५ हॉर्सपॉवर, आणि उघड्या टपाच्या मॉडेलमध्ये दोन माणसं बसली की संपलं. १९७६ ला फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली, इंजिन १.६ लिटरचंच पण फ्युएल इंजेक्शनमुळे ११० हॉर्सपॉवर, वजनाला हलकी, मागे पोरं बसतात, डिकीत आठवड्याचा बाजार मावतो आणि पळायलाही पुढे, मग घरातल्या माणसाने काय घ्यावं?

इथे इंग्लंडमध्ये आमच्या शेजारच्या आजोबांकडे एमजीबी आहे, थंडीत चोक ओढून इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सोडणारे दोन्ही एसयू कार्बोरेटर सुरात येईपर्यंत ते बॉनेटवर हात ठेवून उभे असतात, तो आवाज मला फार आवडतो. पण १९७४ ला अमेरिकेच्या नियमांसाठी तिला काळे रबरी बंपर लावले, गाडी उंच केली, हँडलिंग बिघडलं, उघड्या टपाच्या मॉडेलला नवीन इंजिन मात्र दिलंच नाही, आणि १९८० ला तिचा अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद. हे लेखात यायला हवं होतं.

आपला,
एक नियमित वाचक