दावा दिव्यांगाने जिंकला, फीही त्यानेच भरली

महोदय,

यंत्रमागावर काम करताना उजवा हात गमावलेल्या माझ्या धाकट्या भावाचे संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, हयातीचा दाखला दिला नाही असे सांगून, एकोणीस महिने बंद ठेवण्यात आले. दाखला त्याने मुदतीतच दिला होता आणि आवक शिक्क्याची पोच प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपली होती. ती पोच संबंधित कार्यालयात तीन वेळा पुढे केली, तरी कोणी उलगडून पाहिली नाही. शेवटी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस देऊन, दोन महिने थांबून, दावा लावावा लागला आणि त्याच पोचेवर तो जिंकला. दरमहा 1500 रुपयांप्रमाणे 28,500 रुपये थकबाकी हाती आली. त्यातले 14,000 वकिलांच्या फीत गेले. वकिलांविषयी माझी तक्रार नाही, फी त्यांनी हप्त्याहप्त्याने घेतली. तक्रार आहे ती निकालाच्या शेवटच्या ओळीविषयी: उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा.

संहितेच्या कलम 35 प्रमाणे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा हा सर्वसाधारण नियम आहे आणि न्यायालय त्याला अपवाद करत असेल तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. आमच्या निकालात तशी कारणे नाहीत.

अमेरिकेत 1980 पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. अपंगत्वाचा लाभ नाकारल्याबद्दल केंद्र सरकारविरुद्ध दावा जिंकणारा माणूस अंतिम निकालानंतर 30 दिवसांत वकिलाची फी सरकारकडे मागू शकतो, आणि आपली भूमिका सबळ आधारावर होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची तरतूद. थकबाकीतूनही वकिलाला जास्तीत जास्त 25 टक्के फी मिळू शकते, मात्र एकाच कामासाठी दोन्हीकडून फी मिळाली तर लहान रक्कम अशिलाला परत करावी लागते. शिक्क्याची पोच समोर असताना आमच्या कार्यालयाने सबळ आधार म्हणून काय दाखवले असते?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे दिव्यांगाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो, हे आम्हाला निकालानंतर कळले. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि विडीवर जगणाऱ्या किती घरांना ते ठाऊक असेल? अनुदान बंद केल्याच्या प्रत्येक पत्रावर ही माहिती मराठीत छापावी, आणि बिनआधार अडवलेल्या अनुदानाचा दावा सरकार हरल्यास वकिलाची फी थकबाकीला हात न लावता सरकारने वेगळी द्यावी, असा नियम राज्य शासनाने करावा, अशी माझी मागणी आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, सोलापूर