मत मांडा, पण कशावर ते तरी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमचं वाचकांच्या पत्रांचं पान मी रोज वाचतो, पेपर हातात आला की आधी तेच. पण हल्ली एक गोष्ट फार खटकते म्हणून लिहितोय. कोणी काहीही ठोकून देतं आणि शेवटी "हे माझं वैयक्तिक मत आहे" असं टाकून मोकळं होतं, म्हणजे पुढे कोणी काही विचारायचंच नाही. आमच्या चोपड्याकडे चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या मीटिंगला, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडे हेच, "मत आहे भो माझं, नाही पटत तर सोड."

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या केळीत हरण्या रोग आला. म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), पानावर पिवळे पट्टे पडतात आणि मग पोंगा, म्हणजे मधलं कोवळं गुंडाळलेलं पान, सडतो. विषाणूचा रोग आहे, मावा नावाची कीड तो पसरवते, झाडाला एकदा लागला की त्यावर औषध नाही. रोगट झाड मुळासकट उपटायचं, बागेबाहेर नेऊन जाळायचं किंवा गाडायचं, माव्यासाठी फवारणी करायची आणि बागेत काकडी-भोपळ्याचे वेल ठेवायचे नाहीत, हे कृषीवाले दरवर्षी ओरडून सांगतात. पण गावातले एक मोठे बागायतदार बांधावर येऊन म्हणाले, उपटायची घाई नको, एक-दोन ड्रेंचिंग (मुळाशी औषधाचं पाणी) दे, झाड उभारी घेईल, माझं तर असं मत आहे. मोठा माणूस, चार लोक उभे होते पण कोणी तोंड उघडलं नाही. थोड्याच दिवसात बाजूच्या ओळी पण पिवळ्या पडल्या, आणि नुकसान कोणाचं झालं तर ज्याने ऐकलं त्याचं. मत देणारा आपला मजेत.

आता केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) लावावी की कांदेबाग (पावसाळा सरतानाची), हे मात्र खरं मत. ज्याच्या विहिरीला उन्हाळाभर पाणी टिकतं तो एक सांगेल, ज्याची बोअर मार्चमध्येच बसते तो दुसरं, भावाचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजावी की तुरीच्या, त्यावर तर आमच्या घरातच दोन पार्ट्या आहेत. असल्या ठिकाणी रात्रभर भांडा ना, कोण नाही म्हणतंय.

आणि जिथे मताला खरंच वजन असतं तिथे ते फुकट मिळत नाही. तहसीलमध्ये फाईल "अभिप्रायासह सादर" म्हणून वर जाते तेव्हा खाली सही लागते, कारण लिहावं लागतं (ते कधीकधी कसं लिहितात तो वेगळा विषय). कोर्टात तज्ज्ञाचं मत पुरावा म्हणून चालतं, आधी १८७२ च्या कायद्यातलं कलम ४५ होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९ आहे, पण तो हस्ताक्षर तज्ज्ञ असो की डॉक्टर, वकील त्याची उलटतपासणी घेतो, कशावरून म्हणता ते सांगा म्हणतो, आणि एवढं करूनही ते मत मानायचं की नाही हे जज ठरवतो. तिथे कोणी "वैयक्तिक आहे, सोडा" म्हणून तर बघा.

निवडणुकीतल्या ओपिनियन पोलचं पण तसंच. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला झाला त्याला पण ओपिनियन पोलच म्हणतात, जनमत कौल, पण तो चॅनलवाल्यांनी चार लोकांना माईक लावून केलेला नव्हता, संसदेने त्यासाठी १९६६ मध्ये खास कायदा केला होता. महाराष्ट्रात यायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं, लोकांनी रीतसर मतपेटीत कौल दिला आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. आत्ताच्या पोलला नाव तेच, पण किती जणांना विचारलं आणि कुठे, हे बातमीत शोधून सापडत नाही.

तुमच्या पानाखाली "पत्रातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही" अशी ओळ असते. मताशी सहमत नसाल तर ठीकच, पण हरण्यावर अमुक औषध चालतं असं कोणी लिहिलं तर त्यात सहमत-असहमत काय, ते तपासायलाच पाहिजे. म्हणून विनंती एवढीच, की शेतीच्या पानावर रोगराईबद्दल "काही शेतकऱ्यांच्या मते" असं छापायच्या आधी जळगावच्या केळी संशोधन केंद्राला एक फोन करा आणि त्यांचं म्हणणं त्याच बातमीत शेजारी द्या. पोलच्या बातमीत किती माणसं, कोणते तालुके, कोणत्या तारखा, हे चौकटीत द्या. मृगबाग-कांदेबागेचं भांडण मात्र चालू ठेवा, त्यात मलाही एकदा सविस्तर लिहायचंय.

आपला,
एक केळी उत्पादक वाचक, ता. चोपडा, जि. जळगाव