मनूचा मोदक

॥ श्री ॥

नाशिक,
आश्विन वद्य दशमी

प्रिय शकू,
सप्रेम नमस्कार.

चैत्रात तुझे पत्र आले आणि मी त्याला आता, वसुबारस दोन दिवसांवर आली असताना, उत्तर लिहिते आहे. मध्यंतरी फोनवर आपण चार-पाच वेळा बोललो, पण बैठकीत सगळे बसलेले असताना जेवढे बोलता येते तेवढेच बोललो आणि सांगायचे ते राहूनच गेले. माझी साखर ठीक आहे, गुडघा आहे तसाच आहे, यांचे रक्तदाबाचे औषध बदलले आहे, तब्येतीचे एवढेच. आता जे लिहिणार आहे ते तुलाच लिहिता येईल, कारण माईआजीने ताटातून उचललेला तो मोदक तुझ्यावाचून आता कोणालाही आठवत नाही.

आमच्या नातीला, मनूला, आषाढापासून स्वयंपाकघराची गोडी लागली होती. दिव्याच्या अवसेला मी गोड दिवे करायला घेतले तेव्हा ती ओट्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी करू?" त्या दिव्यांत सात वर्षांच्या मुलीला जमणार नाही असे काहीच नसते. एक वाटी कणीक, अर्धी वाटी गूळ, तो विरघळेल एवढेच कोमट पाणी, चमचाभर तुपाचे मोहन, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ घेऊन घट्ट भिजवायचे, लिंबाएवढ्या गोळ्यात अंगठ्याने खळगा करायचा, एका बाजूला वातीसाठी चिमटा काढायचा आणि चाळणीत ठेवून पंधरा मिनिटे वाफवायचे. मनूच्या अंगठ्याने पडलेला खळगा एवढा लहान होता की त्यात तुपाचे दोनच थेंब मावत होते. तिने ते दोन-दोन थेंब चाटत चार दिवे संपवले आणि पाचवा बाबांसाठी झाकून ठेवला.

पुढे नागपंचमीला तिने दिंड केले. त्या दिवशी चिरू नये, तळू नये, तवा ठेवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण घरात सुरी नाही, कढई नाही आणि तवाही नाही, म्हणजे लहान मुलीच्या हाती जवळजवळ अख्खा स्वयंपाक देता येईल असा तो वर्षातला दिवस आहे, हे या वर्षी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आले. पुरण मी करून दिले. कणकेची पारी लाटायची, मध्ये पुरण ठेवायचे आणि चारही बाजू पाकिटासारख्या आत दुमडायच्या, एवढे तिने केले. तिच्या काही पाकिटांतून पुरण बाहेर डोकावत होते, पण वाफेत ते कुठे जाणार? गोकुळाष्टमीचा काला तर तिने आणि धाकट्या नातवाने मिळून विस्तवाशिवायच केला. लाह्या, पोहे, दही, कोचवलेली काकडी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि लिंबाच्या लोणच्याचा खार एवढेच त्यात होते, आणि काकडी मी कोचवून दिली याबद्दल दोघांनीही माझ्याकडे तक्रार केली. मी मनात म्हटले, पोर हाताशी आली. मग गणेशचतुर्थी आली आणि ते सगळे मीच घालवले.

तुला ठाऊकच आहे की माझ्या माहेरी आणि सासरीही कणकेचे तळणीचे मोदक होत. सूनबाई आल्यापासून उकडीचेही होऊ लागले. ते ऐकून तुला किती आनंद होईल, याची मला कल्पना आहे. आपण इयत्ता चौथीत असताना यावरून दोन दिवस अबोला धरला होता. तुझे म्हणणे होते की मोदक उकडीचाच, बाकीच्या नुसत्या गोल करंज्या. आणि मी म्हटले होते की तुमचा मोदक ताटात ठेवेपर्यंत बसकण मारतो. ते भांडण मिटले ते तुझ्या उंदीरमामामुळे. एकवीस मोजून ठेवलेल्या मोदकांतला एक उंदीरमामाने नेला असे तू शपथेवर सांगितलेस आणि उंदीरमामाच्या फ्रॉकच्या खिशाला हा एवढा तुपाचा डाग पडलेला होता. आज मी तुला लेखी देते की लहान मुलांच्या हातासाठी तुझ्या आईचाच मोदक बरा. कणकेचा मोदक नीट मिटला नाही तर तेलात उलतो, सारण बाहेर येऊन जळते आणि कढईभर तेल काळे होते; वाफेवरचा मोदक उलला तर थोडा गूळ पाघळतो, एवढेच. उकडीचे दुखणे निराळे आहे. तांदळाला गव्हासारखी ताण धरणारी चिकटाई नसते, म्हणून पिठी आधी वाफेने फुगवून, गरम असतानाच मळावी लागते आणि थोडी जरी निवली, कोरडी पडली तरी पारीला चिरा जातात. मळण्याचे काम आपले, कारण त्या उकडीने हात पोळतात. पारी मात्र मुलांना करता येते, हाताला तूप आणि पाण्याचे बोट लावायला शिकवले की झाले.

मनूने त्या दिवशी एक मोदक केला. त्याला तीनच कळ्या पडल्या होत्या, नाक एका अंगाला कलले होते आणि पोटाला पडलेल्या चिरेतून सारण दिसत होते. ती चीर तिने आपल्या बोटाने उकडीचे ठिगळ लावून बुजवली होती आणि त्या ठिगळावर तिच्या नखाची चंद्रकोर उमटली होती. तो मोदक तिने स्वतः नैवेद्याच्या ताटात, बरोबर मधोमध ठेवला. आरतीला वीस-पंचवीस माणसे यायची होती आणि मोठ्या जाऊबाई बैठकीत येऊन बसल्या होत्या. मी तो मोदक उचलला, वाटीत ठेवला, "हा खास तुझ्यासाठी हं" असे गोड आवाजात म्हणाले आणि त्याच्या जागी माझा अकरा कळ्यांचा मोदक ठेवला.

ती रडली नाही, शकू. नुसती वाटीकडे बघत राहिली. आरतीत तिने टाळ वाजवला, प्रसाद घेतला, आणि ती वाटी दुसऱ्या दिवशी सकाळी मला ओट्याच्या कोपऱ्यात तशीच सापडली. मोदक सुकून कडक झाला होता.

आता तुला वाड्यातली ती चतुर्थी आठवली असेल. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर होता आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले म्हणून सगळा वाडा बघायला धावला होता. माईआजीने माझा मोदक तळायच्या आधीच ताटातून उचलून परातीच्या कडेला ठेवला तेव्हा आपण दोघीच मागे राहिलो होतो. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून तू तो अख्खा खाल्लास, मला तुकडासुद्धा दिला नाहीस आणि तोंड भरलेले असताना म्हणालीस, "चांगला झालाय, फक्त गणपतीला द्यायला नको, मलाच देत जा." मी हसले, पण त्यानंतर लग्न होईपर्यंत सणाच्या दिवशी मी ओट्याकडे फिरकले नाही. आईने हाक मारली की मी म्हणे, "नको, तूच कर." माईआजीकडे निदान तेलाचे कारण होते. गोडे तेल त्या दिवसांत मोजून वापरावे लागे आणि उललेल्या मोदकाने कढई नासली असती. माझ्याकडे कोणते कारण होते? माझा तर वाफेचा मोदक होता. त्याने काहीही नासणार नव्हते.

त्यानंतर नवरात्र झाले, दसरा झाला, कोजागरी झाली. दरवेळी मी मनूला बोलावले आणि दरवेळी ती म्हणाली, "नको आजी, तूच कर." तेच शब्द, शकू. ते ऐकून माझा हात परातीतच थांबला. सूनबाईला वाटते की मुलांच्या आवडी बदलतात, आता तिला चित्रकला आवडते. मुलाला सांगावे तर तो म्हणेल, आई, तू फार विचार करतेस. म्हणून हे ओझे मी दोन महिने एकटीच वाहिले.

मधल्या काळात मी उपाय केले नाहीत असे नाही. सूनबाईने चॉकलेट वितळवून साच्यात घालायचे मोदक सुचवले, तेव्हा आधी मी नाक मुरडले आणि मग मुकाट्याने मेनरोडवर जाऊन साचा आणला. मुलांनी ते अर्ध्या तासात केले, एकही वाकडा झाला नाही. मनूने अकरा मोदक साच्यातून काढले, ओळीने लावले आणि एकही न खाता खेळायला निघून गेली. मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. सोपे असावे हे मला पटते. मुलांच्या सणाच्या खाण्यात विस्तव आणि पाक आपल्याकडे ठेवावा हेही पटते. उकळता पाक तेलापेक्षा वाईट भाजतो, कारण तो कातडीला धरून राहतो. संक्रांतीला म्हणूनच मी बिनपाकाचे लाडू करणार आहे. भाजलेले तीळ, दाण्याचे कूट आणि किसलेला मऊ गूळ मिक्सरमधून फिरवला की तिळाच्या अंगच्या तेलानेच लाडू वळले जातात, कारण तिळात जवळजवळ निम्मे तेलच असते. पण जे केले ते आपण केले, हे मुलाला ताटाकडे बघून ओळखू आले पाहिजे. त्या अकरा मोदकांतला कोणता मनूचा आणि कोणता धाकट्याचा, हे त्यांनाही सांगता आले नसते.

आणि आता कालचे सांगते, ज्यासाठी हे पत्र आहे.

काल दुपारी मी शंकरपाळे करायला घेतले. तुझ्याच आईचे प्रमाण, वाटीभर दूध, वाटीभर साखर, वाटीभर तूप आणि मावेल तेवढा मैदा. या वेळी मी मनूला हाक मारलीच नाही. पोळी लाटली, पोळपाट खाली जमिनीवर ठेवला, शेजारी कातण ठेवले आणि तेलाकडे तोंड करून उभी राहिले. आधी धाकटा आला आणि त्याने पोळीवर कातण असे फिरवले की नाशिकचे सगळे रस्ते त्यात आले. थोड्या वेळाने मागून मनूचा आवाज आला, "तसं नाही रे, दे इकडे." मी वळले नाही. वळले असते तर माझा चेहरा तिला दिसला असता.

तिने काय कापले म्हणशील? मुले खाली अंगणात किल्ला करत आहेत ना, त्याचा बुरूज कापला, मग पणती, मग आकाशकंदील शेपट्यांसकट. कंदील गुलाबीच हवा म्हणून तिने थोड्या पिठात बिटाचा रस मळला. तळल्यावर तो तपकिरी होणार हे मला माहीत होते, बिटाचा रंग कढईच्या उष्णतेत टिकत नाही, हळदीचा टिकतो. सांगावे की नाही, असा मी क्षणभर विचार केला आणि सांगितले नाही. कंदील झाऱ्यावर वर आला तो चांगला खमंग तपकिरी होऊन. मनूने तो बराच वेळ निरखला आणि म्हणाली, "दिवा विझल्यावरचा कंदील आहे." मग माझ्याकडे न बघता तिने विचारले, "हे लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवणार, की वाटीत?"

शकू, ती वाटी विसरली नव्हती. तेल तापलेले होते, तरी मी गॅस बंद केला आणि खाली तिच्याशेजारी बसले. गुडघ्याने काय म्हटले ते सोड. मी तिला सांगितले की चतुर्थीला तुझा मोदक मी ताटातून काढला, ती माझी चूक झाली. माईआजीची, पुराची आणि तुझी गोष्टही सांगितली. तिला त्यात सगळ्यात काय आवडले असेल तर तू मला तुकडा दिला नाहीस ते. तिने तीनदा विचारले, "अख्खा? एकटीने?"

आता माझी काळजी अशी आहे की लक्ष्मीपूजनाला जाऊबाई येणार आहेत. लाह्या-बत्ताशांशेजारी तो तपकिरी कंदील आणि एका बाजूने ढासळलेला बुरूज बघून त्या काहीतरी बोलणारच. त्या मनाच्या वाईट नाहीत, पण जन्मभर त्यांचे ताट बघायला शेजारपाजार येत आला आहे. त्यांच्यापुढे मी आजवर ब्र काढलेला नाही. या वेळी मनू माझ्या तोंडाकडे बघत असेल. त्यांना आधीच फोन करून सांगावे, की त्या वेळी जे सुचेल ते बोलावे? तू असतीस तर काय बोलली असतीस, ते मला नेमक्या शब्दांत कळव. तुला असल्या वेळी शब्द सुचतात. मला ते रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचतात.

तुझ्या घराच्या गच्चीचे गळणे थांबले का? भाऊजींच्या मोतीबिंदूचे ठरल्यावर तारीख कळव. तुझ्या धाकटीला स्थळ सांगून आले आहे असे तू चैत्रात लिहिले होतेस, त्याचे पुढे काय झाले ते फोनवर नको, पत्रातच सविस्तर लिही. संक्रांतीनंतर धाकट्याचे बोरन्हाण करायचे आहे, त्याला मात्र तू यायचेच आहे. तोवर द्राक्षेही आलेली असतील. लुटीत दाणे आणि अख्खी द्राक्षे घालणार नाही, येणाऱ्यांत दोन-तीन वर्षांची पोरे आहेत आणि ती घशात अडकतात. चुरमुरे, हलवा आणि उसाऐवजी लहान बत्तासे ठेवीन म्हणते.

मनूने तिचे शंकरपाळे वेगळ्या डब्यात भरले आहेत. आताच पाणी प्यायला उठले तेव्हा पाहिले, तर झाकणावर वहीचा कागद चिकटवलेला आहे आणि त्यावर लिहिले आहे, "लक्ष्मीपूजनाचे. आजीने सुद्धा हात लावू नये. एक शकूआजीसाठी आहे."

तुझीच,
मालू